सातबाऱ्यावर कापूस, वावरात केळी: सरकारी योजना कुठे अडतात

शेतीच्या सरकारी योजना किती आहेत ते मोजायला बसू नये. महाडीबीटी पोर्टल उघडलं की ठिबकपासून रोटाव्हेटरपर्यंत यादी सुरू होते ती संपत नाही, आणि महसूल, महावितरण, सहकार या खात्यांच्या योजना तर त्या यादीच्या बाहेरच असतात. शिवाय खान्देश काही एकसारखा नाही. चोपडा-शिरपूरच्या कापूसवाल्याची नड वेगळी, रावेर-यावलच्या केळीवाल्याची वेगळी आणि धडगावच्या डोंगरात मका-ज्वारी करणाऱ्या आदिवासी शेतकऱ्याची तिसरीच. पण तिघांचं काम अडतं ते बहुधा एकाच जागी: नोंदीत. सरकारी माणूस वावरात पोचतो तो सगळ्यात शेवटी. त्याआधी कागद बघितला जातो, आणि कागदावर कापूस असेल तर वावरात उभी असलेली केळी कोणाला दिसत नाही.

म्हणून पैसा कोणत्या वाटेने येतो आणि वाटेत कुठे थांबतो, तेवढंच इथे सांगतो.

सात आणि बारा

सातबारा हे दोन नमुने आहेत. गाव नमुना ७ मध्ये जमीन कोणाची, किती आणि तिच्यावर बँकेचा किंवा विकासोचा (गावच्या विविध कार्यकारी सहकारी सोसायटीचा) बोजा किती, हे असतं. गाव नमुना १२ मध्ये त्या जमिनीत काय पेरलं ते असतं. आपल्याकडे भाऊबंदकी सगळी सातवरून होते. कोर्टात पिढ्या जातात त्या सातसाठी. बाराकडे कोणी ढुंकून बघत नाही. गेल्या काही वर्षांत मात्र पैसा सरकला आहे तो बाराकडे.

पूर्वी बारा तलाठी भरायचा, आणि बऱ्याचदा मागच्या वर्षीचं पाहून भरायचा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. आता शेतकऱ्याने स्वतः वावरात उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा, गट नंबर निवडायचा, क्षेत्र भरायचं. हंगामाची मुदत ठरलेली असते. शेतकऱ्याकडून राहिलेली पाहणी नंतर गावात नेमलेल्या सहाय्यकाने पुरी करायची असते, पण त्याच्या भरवशावर राहणं म्हणजे पुन्हा जुन्याच दिवसांत जाणं.

ही नोंद कशाला लागते, ते २०२३ च्या खरिपाने दाखवून दिलं. त्या हंगामातल्या कापूस आणि सोयाबीनला राज्याने हेक्टरी ५,००० रुपये, २ हेक्टरच्या मर्यादेत द्यायचं ठरवलं. याद्या निघाल्या त्या ई-पीक पाहणीवरून. वावरात कापूस होता, जिनिंगची पावती होती, पण पाहणी केलेली नव्हती, अशांची नावं यादीत नव्हती. ओरड झाली तेव्हा सातबाऱ्यावर पिकाची नोंद असलेल्यांनाही घ्यायचं ठरलं. दरवेळी ओरड कामाला येईलच असं नाही.

दुसरी नोंद शेतकरी ओळख क्रमांकाची. लोक त्याला सरळ फार्मर आयडी म्हणतात. हा ११ अंकी क्रमांक आधार आणि तुमच्या नावावरची सगळी जमीन एकत्र बांधतो. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी खात्याच्या योजनांसाठी तो सक्तीचा आहे. सामाईक खातं असेल तर प्रत्येक हिस्सेदाराला आपापला काढावा लागतो. थोरल्याने काढला म्हणून धाकट्याचं भागत नाही. अडचण येते ती नावांची. आधारवर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं, आणि आजोबा वारून वीस वर्षं झाली तरी सातबारा त्यांच्याच नावावर. वारस नोंदींसाठी शासनाने १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर जिवंत सातबारा मोहीम घेतली ती यासाठीच. वारस लावून घ्यायचं काम खर्चाचं नाही, चिकाटीचं आहे. आधी ते उरकावं, मग पोर्टल उघडावं.

तिसरी गोष्ट बँकेची. अनुदान हल्ली खाते क्रमांकावर न येता आधारवर येतं, म्हणजे आधारशी शेवटी जी बँक जोडली गेली तिथे जाऊन पडतं. दोन-तीन बँकांत खाती असणाऱ्याला पैसे आलेच नाहीत असं वाटतं आणि ते भलत्याच खात्यात वर्षभर पडून राहतात. तक्रार करण्याआधी सगळी पासबुकं भरून बघावीत.

वर्षाचे बारा हजार

हा भाग सोपा आहे. केंद्राच्या पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६,००० मिळून १२,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या हप्त्यांत. नमोचा पहिला हप्ता ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. राज्याने त्यासाठी वेगळा अर्ज ठेवलेला नाही. पीएम किसानच्या यादीत जो पात्र, तो इकडेही पात्र. म्हणून केंद्राचा हप्ता ई-केवायसीमुळे थांबला की राज्याचाही थांबतो. जमीन १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी नावावर असावी लागते. त्यानंतर वारसाने आलेली चालते, विकत घेतलेली किंवा वाटणी करून मुलांच्या नावावर केलेली चालत नाही. नवरा-बायको दोघांना मिळत नाही.

अनुदान टक्क्यांत असतं, पण कशाच्या टक्क्यांत?

ठिबकची जाहिरात करणारा ८० टक्के म्हणतो. ते खोटं नाही. २ हेक्टरपर्यंतच्या अल्प आणि अत्यल्प भूधारकाला केंद्राच्या योजनेतून ५५ टक्के मिळतात, बाकीच्यांना ४५. त्यावर राज्य मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून २५ आणि ३० टक्के जोडतं, म्हणजे ८० आणि ७५ होतात. क्षेत्राची मर्यादा ५ हेक्टर.

पण हे टक्के बिलावर नसतात. शासनाने लागवडीच्या अंतरानुसार हेक्टरी एक मापदंड खर्च ठरवलेला असतो, टक्के त्याच्यावर. समजा तुमच्या अंतराला मापदंड १ लाखाचा आहे आणि दुकानदाराचं बिल झालं १ लाख ३० हजारांचं. अनुदान ८०,०००. खिशातून गेले ५०,०००, म्हणजे बिलाच्या जवळजवळ ३८ टक्के. जळगाव हा ठिबकचा जिल्हा, इथल्या पोराटोरांनाही लॅटरल आणि ड्रिपरमधला फरक कळतो. तरी हा हिशेब पुष्कळांना बिल हातात आल्यावर कळतो.

अर्जाची वाट अशी: महाडीबीटीवर नोंदणी, २३ रुपये ६० पैसे शुल्क, मग निवड. आधी निवड सोडतीने व्हायची. २०२५-२६ पासून जो आधी अर्ज करेल त्याला आधी, अशी पद्धत आली. निवड झाली की कागदपत्रं, मग पूर्वसंमती, मग खरेदी, मग बिल चढवणं, मग मोकापाहणी (वावरात येऊन तपासणी), मग पैसे. यात लोक फसतात ते पूर्वसंमतीला. मृगबाग (पावसाळ्याच्या तोंडावरची केळी) लावायची घाई असते, रोपं येऊन पडलेली असतात आणि माणूस ठिबक आधी टाकून घेतो. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल असेल तर अर्ज तिथेच संपतो. औजारांनाही हाच नियम. आणखी एक: एकदा अनुदान घेतलेल्या क्षेत्रावर पुन्हा ठिबकचं अनुदान ७ वर्षांनीच मिळतं. केळीत नळ्या इतकी वर्षं टिकवणं सोपं नाही, हे ठरवणाऱ्याला कोणीतरी सांगायला हवं होतं.

आणि पैसे वेळेवर येतील असं गृहीत धरून सावकाराकडून किंवा दुकानदाराकडून उधारी करू नये. निधी आला की अनुदान पडतं. मध्ये जी थांबायची वेळ येते तिचं व्याज कोणी देत नाही.

व्याजाचा विषय निघालाच आहे म्हणून: विकासोतून किंवा बँकेतून घेतलेलं ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं, तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याज शून्यावर येतं. मुदत हुकली की दोन्ही सवलती जातात. २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्या पाहिलेला माणूस पुढच्या माफीची वाट बघत कर्ज थकवतो, आणि हक्काचं बिनव्याजी कर्ज गमावून बसतो.

साडेसात अश्वशक्तीची रेघ

मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचं बिल राज्य भरणार आहे. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीचा १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के हिस्सा भरायचा. पंप जमिनीच्या हिशेबाने मिळतो: अडीच एकरापर्यंत ३, पाच एकरापर्यंत ५ आणि त्यापुढे ७.५ अश्वशक्ती.

तापीकाठच्या गावाला हे पुरतं. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात कूपनलिका इतक्या खोल गेल्या आहेत की अनेक ठिकाणी ७.५ चा पंप पाणी वर आणत नाही. तिथला शेतकरी १० किंवा त्याहून मोठा पंप चालवतो आणि एकदम मोफत विजेच्या बाहेर जातो. वीजबिलात मर्यादेच्या वर गेलेल्याला अर्धी सवलत अशी काही सोय नाही. पाणी खोल गेल्याचा दंड त्याने एकट्याने भरायचा. सौर पंपाचा अर्ज भरण्याआधी आपल्या विहिरीची किंवा बोअरची पाण्याची पातळी उन्हाळ्यात किती खाली जाते, ते मोजून घ्यावं.

जमिनीसाठीची एक योजना त्या मानाने सरळ आहे. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवारमध्ये तलावातला गाळ वावरात टाकायला घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे मिळतात. एकरी १५,००० आणि जास्तीत जास्त अडीच एकराचे ३७,५०० रुपये. हलक्या, मुरमाड बरड्यांना हा गाळ मानवतो. काळ्या कसदार जमिनीत तो फुकट मिळतो म्हणून टाकू नये.

विमा: तुमचं वावर आणि तुमचं मंडळ

सगळ्यात जास्त राग विम्याबद्दल असतो, आणि सगळ्यात कमी माहितीही त्याचीच.

आधी खरीप. २०२३ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीक विमा होता. शेतकऱ्याचा हिस्सा राज्य भरत होतं. बोगस अर्जांचा सुळसुळाट झाला. २०२५ च्या खरिपापासून ते बंद झालं आणि शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा आला: खरिपाच्या अन्नधान्य-गळीत पिकांना जास्तीत जास्त २ टक्के, रब्बीला दीड आणि नगदी पिकांना ५ टक्के. कापूस नगदी पिकांत मोडतो, म्हणजे खान्देशाला ५ टक्क्यांचा चटका.

पण हिश्शापेक्षा मोठा बदल दुसराच झाला. आधी गारपिटीने किंवा पाणी साचून तुमच्या एकट्याच्या वावरातलं पीक गेलं तर वेगळी भरपाई मागता यायची. २०२५ च्या खरिपापासून राज्यात पीक कापणी प्रयोगाच्या उत्पादनावरच भरपाई ठरते, आणि ते उत्पादन मोजलं जातं महसूल मंडळासाठी. एका मंडळात बरीच गावं येतात.

हिशेब असा. मंडळाच्या मागच्या ७ वर्षांतली चांगली ५ वर्षं घ्यायची, त्यांची सरासरी काढायची आणि तिला ७० टक्के जोखीमस्तराने गुणायचं. ते उंबरठा उत्पादन. समजा सरासरी हेक्टरी २० क्विंटल आहे. उंबरठा झाला १४. यंदा मंडळात १५ क्विंटल निघालं, म्हणजे पाच क्विंटलची खोट, तरी भरपाई शून्य, कारण १५ हे १४ पेक्षा जास्त आहे. साडेदहा निघालं तर तूट साडेतीन. साडेतीनला चौदाने भागलं की २५ टक्के, आणि विमा संरक्षित रकमेच्या २५ टक्के मंडळातल्या प्रत्येक विमाधारकाला. तुमच्या वावरात तीनच क्विंटल झालं असेल, तरी तुम्हाला तेवढेच. शेजाऱ्याला बावीस झालं असेल, तरी त्यालाही तेवढेच.

पीक कापणी प्रयोग ज्या दिवशी असतो त्या दिवशी गावातल्या चार माणसांनी तिथे उभं राहावं, ते यासाठी. कोणता प्लॉट निवडला, वजन किती भरलं, हे तिथेच बघायचं असतं. नंतर मोर्चा काढून तो आकडा बदलत नाही.

केळीचा विमा वेगळ्या तत्त्वावर चालतो. तो हवामानावर आधारित आहे. उत्पादन कोणी मोजत नाही. जास्त थंडी, जास्त उष्णता, वेगाचा वारा हे त्यातले धोके, आणि गारपीट वेगळा हिस्सा भरून घ्यायची. थंडीचा निकष अलीकडच्या हंगामांत असा राहिला आहे: नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सलग ३ दिवस किमान तापमान ८ अंश किंवा त्याखाली. सलग हा शब्द महत्त्वाचा. दोन रात्री पारा ६ वर आणि तिसऱ्या रात्री साडेआठवर आला, तर निसवण (घड बाहेर पडणं) अडून घड पोटातच गुदमरले तरी निकष बसत नाही. आणि हा पारा बघायचा तो मंडळाच्या स्वयंचलित हवामान केंद्रावरचा. महावेध प्रकल्पातलं ते केंद्र गावठाणाजवळ, भिंतींच्या आडोशाला असेल आणि तुमची बाग नदीकाठच्या खोलगटात, तर दोन्हीकडची थंडी एक नसते. केंद्र कुठे बसवलंय, त्याच्याभोवती झाडं वाढली आहेत का, याकडे ग्रामपंचायतीने लक्ष द्यायला काहीच हरकत नाही.

वारा आणि गारपीट यांना मात्र वैयक्तिक पंचनामा लागतो, आणि ७२ तासांच्या आत कळवावं लागतं. मे-जूनच्या वादळात कापणीला आलेली बाग आडवी झालेली असते, वीज नसते, मोबाइल बंद असतो. तरी घड्याळ चालूच राहतं. रोगाला या विम्यात जागा नाही. सीएमव्ही या विषाणूजन्य रोगाने बाग उपटावी लागली तर हवामान केंद्रावर त्याची खूण उमटत नाही. आणि फळपीक विम्यालाही आता ई-पीक पाहणी आणि फार्मर आयडी लागतो, म्हणजे पुन्हा बाराकडेच यावं लागतं. गेल्या वर्षीच्या कापसाची नोंद तशीच राहिलेल्या गटात यंदा केळी असेल, तर विमा भरलेला असूनही पडताळणीत क्षेत्र उडतं.

पंचनामा म्हटलं की विमा आणि सरकारी मदत यांची गल्लत होते. अतिवृष्टीनंतर तलाठी (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी), कृषी खात्याचा आणि ग्रामपंचायतीचा कर्मचारी मिळून जो पंचनामा करतात, तो आपत्ती मदतीचा. त्यात ३३ टक्क्यांहून जास्त नुकसान लागतं. मूळ दर हेक्टरी जिरायतीला ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५००, २ हेक्टरपर्यंत. मोठं संकट आलं की राज्य वेगळा निर्णय काढून दर किंवा मर्यादा वाढवतं. ही मदत विमा नसलेल्यालाही मिळते. ती घेतल्याने विमा बुडत नाही.

एकाच शिवाराला दोन नियम

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, आपल्या बोलीत पोकरा, २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून सुरू झाला. त्यात विदर्भ-मराठवाड्याबरोबर जळगाव जिल्हा आला. धुळे आणि नंदुरबार आले नाहीत. दुसऱ्या टप्प्यातल्या २१ जिल्ह्यांतही नाहीत. पारोळा तालुक्यातल्या निवडलेल्या गावाला जे मिळतं ते हद्दीपलीकडच्या धुळे तालुक्यातल्या गावाला मिळत नाही, जमीन आणि पाऊस तोच असला तरी.

नंदुरबारची भिस्त बिरसा मुंडा कृषी क्रांती योजनेवर आहे. अनुसूचित जमातीच्या शेतकऱ्याला तिच्यातून नवीन विहिरीसाठी ४ लाखांपर्यंत अनुदान आहे. विहिरीला किमान ०.४० हेक्टर, म्हणजे एकरभर जमीन लागते. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी तशीच डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आहे. पण अक्कलकुवा-धडगावात कित्येकांकडे नेहमीचा सातबारा नसतो, २००६ च्या वनहक्क कायद्याखालचा पट्टा असतो. ती जमीन वारसाने पुढे जाते, विकता येत नाही. असे पट्टेधारक पीएम किसानमध्ये बसतात.

या पट्ट्यांत एक गोष्ट मात्र सपाटीवरल्या सातबाऱ्यापेक्षा पुढची आहे. लग्न झालेल्या माणसाच्या पट्ट्यावर नवरा-बायको दोघांची नावं घालायची, असं कायद्यातच लिहिलंय. इकडे तापीकाठी बाई निंदणी, वेचणी, बैलजोडी सगळं सांभाळते आणि तिचं नाव सातवर येतं ते नवऱ्याच्या मृत्यूनंतर. बायकोचं नाव लावण्यासाठी राज्यात १९९२ पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे. तलाठ्याकडे साधा अर्ज लागतो. फार कोणी करत नाही.

नावाशिवायच्या घरच्या माणसाला थोडा आधार गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत आहे. सर्पदंश, विजेचा धक्का, विहिरीत पडणं, वाहन अपघात अशा कारणांनी मृत्यू आला तर २ लाख. एक डोळा किंवा एक हात-पाय गेला तर १ लाख. खातेदाराबरोबर त्याच्या कुटुंबातल्या, सातबाऱ्यावर नाव नसलेल्या एका माणसालाही, वय १० ते ७५ असेल तर, ती लागू आहे. अर्ज ३० दिवसांत करायचा असतो. घरात मयत झालेलं असताना तेरावं होईपर्यंत निम्मी मुदत जाते, म्हणून एफआयआर आणि शवविच्छेदनाचे कागद गोळा करायचं काम शेजाऱ्यापाजाऱ्याने अंगावर घ्यावं.

त्याच विहिरीत सालदार (वर्षाच्या कराराने ठेवलेला गडी) पडला तर तो या योजनेत बसत नाही, कारण तो खातेदार नाही आणि खातेदाराच्या कुटुंबातलाही नाही. नफ्याने (ठरावीक रकमेवर) किंवा निम्मे बटाईने (अर्ध्या वाट्यावर) दुसऱ्याचं वावर करणाऱ्याचंही तेच. खत त्याचं, फवारणी त्याची, बुडालेला पैसा त्याचा. कापसाचं अनुदान आणि आपत्तीची मदत मात्र मालकाच्या खात्यात. पीक विम्यात अशा माणसाला नियमाने जागा आहे, पण त्यासाठी नोंदणी केलेला भाडेकरार जोडावा लागतो. आणि करार नोंदवला तर उद्या हा कुळ लागेल, म्हणजे जमिनीवर हक्क सांगेल, ही भीती आपल्याकडच्या मालकाच्या मनातून अजून गेलेली नाही. तो बटाईदाराला कच्च्या कागदावर लिहून देतो, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत यायला मात्र तयार होत नाही.